‘स्वमत’ पाठ झालं का?

‘आधी लेकरांना धड लिहिता-वाचता येऊ द्या, विचारबिचाराचं मग बघू.’ जालना जिल्ह्यात शिक्षणावर चार माणसं बोलायला बसली की हे वाक्य कुणीतरी टाकतंच, आणि उरलेले तिघं माना डोलावतात. बोलणारा संस्थाचालक असतो, पालक असतो, कधी कधी चक्क शिक्षकच असतो. नव्या शैक्षणिक धोरणात ‘चिकित्सक विचार’ हे शब्द आले, प्रशिक्षणांच्या पत्रकांत आले, शाळेच्या भिंतींवर रंगवून झाले. पण ते वाचून ही मंडळी जे हसू हसतात ते ‘कागदावर ठीक आहे’ असं सांगणारं असतं.

त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो, नाहीतर सोयीचं तेवढंच घेतलं म्हणतील. त्यांचं म्हणणं असं: वर्गात चर्चा, प्रश्न, शंका हे सगळं पुण्या-मुंबईच्या शाळांना शोभतं. तिथली पोरं घरूनच पुस्तकं वाचून येतात. इथे मंठा, परतूर, घनसावंगीकडे दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात, लेकरू शाळेत टिकलं तरी नशीब. दोन वर्ग आणि एक गुरुजी अशा खोलीत कसली चिकित्सा? दुसरं, पाठांतराशिवाय पाया पक्का होत नाही. आम्ही घोकूनच इथवर आलो, आमचं काय वाईट झालं? तिसरं, शेवटी जग मार्कं बघतं. आणि चौथं जरा आवाज उतरवून सांगितलं जातं: पोरांना फार ‘का’ म्हणायची सवय लावली की ती घरी उलटून बोलतात.

ऐकायला हे सगळं अनुभवी माणसाचं शहाणपण वाटतं. आत हात घातला की काहीच लागत नाही.

‘आधी वाचन, मग विचार’ हा क्रम कुणी ठरवला? चार वर्षांचं लेकरू अक्षरओळख होण्याआधी दिवसभर ‘का’ विचारत असतं; बैल का बसला, चंद्र आपल्या मागे का येतो, आजोबा परत का येत नाहीत. तेच लेकरू चौथीत जाईपर्यंत वर्गात गप्प झालेलं असतं. म्हणजे शाळेत येताना त्याच्याकडे विचार होता आणि वाचन नव्हतं. आपण वाचन दिलं आणि मोबदल्यात विचार काढून घेतला. वर पुन्हा आपणच सांगतो, हे अजून विचाराच्या पायरीवर आलेलं नाही!

आणि वाचन आलं म्हणजे तरी काय आलं? तहानलेल्या कावळ्याची गोष्ट तिसरीतलं पोरगं धडाधड वाचून दाखवतं. गुरुजी खूश, तपासायला आलेले साहेब खूश. आता त्याला विचारा, माठात पाणी अगदी बोटभरच असतं तर खडे टाकून ते वर आलं असतं का? पोरगं पुस्तकात बघेल, मग गुरुजींच्या तोंडाकडे बघेल. पुस्तकात उत्तर नाही. पण शाळेच्या आवारात खडे आहेत, एक तांब्या आहे, पाणी आहे. करून पाहिलं तर कळतं की पाणी फार थोडं असेल तर ते खड्यांच्या फटींतच अडकून राहतं आणि कावळा तहानलेलाच उडून जातो. यासाठी स्मार्ट बोर्ड लागला नाही, निधी लागला नाही, पुण्याला जावं लागलं नाही. लागली ती पाच मिनिटं आणि प्रश्न विचारायची इच्छा. हे केलेलं पोरगं ती गोष्ट दुसऱ्यांदा वाचतं तेव्हा ते खरं वाचत असतं.

खेड्यातल्या पोरांना हे झेपत नाही म्हणणाऱ्यांनी जरा शेजारच्या राज्यात डोकावावं. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचं ‘फ्रेंड्स रुरल सेंटर’ या संस्थांनी तो हाती घेतला, 1978 मध्ये तो जिल्हाभरच्या उच्च प्राथमिक वर्गांत गेला, पुढे ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. शाळा सरकारी, शिक्षक सरकारी, पोरं शेतकऱ्या-मजुरांची. सहावी ते आठवीची मुलं टोळ्या करून प्रयोग करत, निरीक्षणं वहीत लिहीत, निष्कर्षावर भांडत. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडून बसायची मुभा होती. त्यांचे प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक माणसाला पत्रानं जात आणि त्यांना उत्तरं येत. हे तीस वर्षं चाललं. 2002 साली सरकारने ते बंद केलं. पोरांना झेपेना म्हणून बंद पडलं, असं कुणी समजू नये. बंद करणारी माणसं मोठी होती, शिकलेली होती.

आता पाठांतर. इथे एक गोष्ट मान्य करून टाकतो, म्हणजे वाद लांबणार नाही. पाढे पाठ हवेत. डोक्यात काही असल्याशिवाय विचार कशावर करणार? डॅनियल विलिंगहॅम हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत, की विषयाची माहिती नसलेला माणूस त्या विषयावर चिकित्सक विचार करू शकत नाही. घोकंपट्टीवाले हे वाक्य मोठ्या आनंदाने उचलतात आणि पुढचं सोडून देतात. पुढचं असं, की म्हणूनच विचार करायला विषयाच्या आत, गणितात, इतिहासात, विज्ञानातच शिकवावं लागतं. त्याचा वेगळा तास ठेवून भागत नाही, आणि विषय शिकवून झाल्यावर वरून शिंपडूनही भागत नाही.

पण आपल्याकडे पाठ काय करून घेतलं जातं, हे तरी बघा. पाढे मागे पडले. आपण मतं पाठ करून घेतो.

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाची कृती असते. 2018-19 पासून नवा अभ्यासक्रम आला आणि ती पक्की झाली. हेतू चांगला होता. उताऱ्यातल्या किंवा पाठातल्या एखाद्या मुद्द्यावर तुला काय वाटतं ते तुझ्या शब्दांत लिही. राज्यातल्या लाखो पोरांना सरकार अधिकृतपणे विचारत होतं की बाबा, तुझं मत काय? आपण त्याचं काय केलं? पुढच्या जूनमध्ये गाईडं आली, प्रत्येक पाठाखाली स्वमताची तयार उत्तरं घेऊन. शिकवण्यांत ती उतरवून दिली गेली. ‘स्वमत पाठ झालं का?’ हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला आणि त्यात काही विचित्र आहे असं कुणालाही वाटलं नाही. आता उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उघडा. ‘माझ्या मते’ या दोन शब्दांनंतर एका केंद्रावरच्या सगळ्या पोरांचं मत शब्दाशब्दाने सारखं. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. एवढं मतैक्य आपल्या ग्रामसभेत कधी झालेलं नाही.

स्वतःच्या मताचं एखादं वाक्य मोडकंतोडकं लिहिणारं पोरगं यात असतंच. त्याला ‘मुद्दे नाहीत’ म्हणून कमी मार्क पडतात. पुढच्या परीक्षेला तेही शहाणं होतं.

शिष्यवृत्ती परीक्षेचं तेच. तीत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ असते आणि तिच्या सरावाची पुस्तकं पोरं पहाटे उठून सोडवतात. आकृतीचा प्रकार बघायचा, त्याची ठरलेली युक्ती आठवायची, पर्याय रंगवायचा. बुद्धी पाठ करून घेणारा समाज आपल्याशिवाय दुसरा असेल का? बालभारतीच्या पुस्तकांत ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी पानोपानी छापलेल्या आहेत. पोर्शन संपवायच्या घाईत सगळ्यात आधी काय सुटतं? त्याच चौकटी. ‘हे परीक्षेला नाही’ असं म्हणून पान उलटतात. म्हणजे पुस्तक सांगतं डोकं चालव आणि वर्ग सांगतो, पुढे चल.

मार्कांचा मुद्दा मोठ्या गंभीर चेहऱ्याने मांडला जातो, म्हणून तोही घेऊ. जग मार्कं बघतं, खरं आहे. मग ती मार्कं आपण कशी मिळवतो? 21 फेब्रुवारी 2025 रोजी दहावीची परीक्षा सुरू झाली. पहिल्याच दिवशी मराठीचा पेपर होता. आपल्या जिल्ह्यातल्या बदनापुरातून तो बाहेर आला, झेरॉक्सच्या दुकानांतून उत्तरं मिळत होती, अशा बातम्या राज्यभर झळकल्या. पेपर फुटलाच नाही, असा खुलासा परीक्षा मंडळाने केला. फुटला की नाही, हा वाद मंडळ आणि पत्रकारांनी मिटवावा. मला त्यातली एकच गोष्ट खटकत राहिली. ज्या पेपरात ‘तुझं मत लिही’ असं विचारतात, त्याची उत्तरं विकत मिळतील यावर गावाने विश्वास ठेवला, आणि तो ठेवण्यासारखाच होता! स्वतःचं मतही झेरॉक्स करून मिळतं, हे दहा वर्षांच्या शाळेने पोरांना बरोबर शिकवलेलं आहे.

मग कॉपीमुक्त अभियान येतं. भरारी पथकं, कॅमेरे, बैठी पथकं, केंद्राबाहेर पोलीस. खिडकीतून चिठ्ठी आत जाऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त. पण बोटभर चिठ्ठीवर ज्याचं पूर्ण उत्तर मावतं, असा प्रश्न आपण विचारतोच कशाला, हे कुणी विचारलं आहे का? होशंगाबादची पोरं पुस्तक उघडून परीक्षा देत होती. तिथे कुणी काय कॉपी करणार? पुस्तकात माहिती होती, उत्तर नव्हतं. चोरी थांबवायचे दोन रस्ते आहेत: पहारा वाढवा, किंवा चोरण्यासारखं काही ठेवू नका. आपण दर वर्षी पहिल्याच रस्त्याने जातो आणि दर वर्षी तिथेच पोचतो.

आता जालन्याचंच एक उदाहरण घेतो, कारण ‘आपल्या मातीत हे चालत नाही’ म्हणणाऱ्यांना आपली मातीच दाखवलेली बरी.

जालना ही बियाण्यांची राजधानी. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथे महिको उभी केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि 2002 साली देशात परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कापसामागे हीच कंपनी होती. या जिल्ह्यातल्या पोराच्या घरात दर जूनला बियाण्याची पिशवी येते. तिच्यावर उगवणशक्ती छापलेली असते. सोयाबीनला कायद्यानं किमान 70 टक्के लागते. ती टक्केवारी खरी की खोटी, हे त्या घरात कुणाला ठरवता येतं? 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. शेतकरी म्हणत होते, बियाणं बोगस. कंपन्या म्हणत होत्या, पुरेशी ओल नसताना पेरलं, खोल पेरलं. दोघंही ओरडत होते आणि बहुतेकांच्या हातात पुरावा म्हणून रिकामी पिशवी होती.

त्याच पिशवीतले टोळीमागे शंभर दाणे सातवीच्या वर्गात आणा. कृषी विभाग शेतकऱ्यांना घरच्या घरी करायला सांगतो तीच चाचणी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, सहा-सात दिवसांनी उघडून निरोगी कोंब मोजायचे. यात अवघड काही नाही. आता वर्गात काय होतं ते बघा. एका टोळीचे 58 उगवले, दुसरीचे 81. पिशवी एकच. कुणाचं खरं? आता पोरं भांडणार, आणि भांडू द्यावं. तुम्ही दाणे वरवरचे घेतले की तळातले? तुटके, सालटं गेलेले दाणे कुणी आधीच बाजूला काढले होते का? रविवारी तुमच्या गुंडाळीला पाणी कुणी घातलं? शंभरच का मोजायचे, दहा मोजले तर चालले नसते? सोयाबीनचं साल पातळ असतं, पोतं आपटलं तरी कोंब मरतो, हे कुणाचा तरी बाप घरून सांगून पाठवतो. मग त्रैराशिक येतं: 70 टक्के उगवण धरून एकरी 30 किलो बियाणं लागतं, उगवण 60 टक्केच असेल तर किती घ्यायचं? 35 किलो. पाच किलोचे पैसे किती? ते कुणाच्या खिशातून गेले?

आणि शेवटी खरा प्रश्न. समजा आपल्या चाचणीत 80 टक्के उगवले आणि शेतात उगवलं नाही, तर दोष कुणाचा? इथे ‘कंपनी चोर’ हे पाठ केलेलं उत्तर चालत नाही आणि ‘शेतकरी अडाणी’ हेही चालत नाही. पाऊस किती मिलिमीटर झाला होता ते बघावं लागतं. पेरणीची खोली मोजावी लागते. गणित, विज्ञान, भूगोल, मराठीत तक्रार अर्ज, सगळं एका गोणपाटात आलं. कुणीतरी सांगावं मला, यातलं पुण्याच्या पोराला जमणारं आणि भोकरदनच्या पोराला न जमणारं काय आहे? उलट पुण्याच्या पोराला सोयाबीनचा दाणा ओळखून दाखवा म्हटलं तर पंचाईत.

‘गरिबाच्या पोराला विचार ही चैन आहे’ हे मत मला म्हणूनच क्रूर वाटतं. श्रीमंताचं पोरगं फसलं तर बाप निस्तरतो. इथे पिशवीवरचा छापील आकडा, ‘पैसे दामदुप्पट’ म्हणणारी आभासी चलनाची योजना, मोबाइलवर आलेला कर्करोगाचा काढा, सोळाव्या वर्षी पोरीचं लग्न उरकायला निघालेले नातेवाईक, या सगळ्यांपुढे पोरं एकटी उभी असतात आणि चूक झाली तर तिची किंमत पुरती मोजतात. तपासून बघायची सवय सगळ्यात आधी कुणाला हवी?

शिवाय ही पोरं विचार करत नाहीत हेही खोटंच. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचं एक संशोधन 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं भाजीचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करतात, पण शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडलेली तशीच गणितं त्यांना येत नाहीत. आणि नुसती शाळा शिकलेल्या मुलांची बाजारातल्या हिशेबात तशीच गत होते. आपल्या आठवडी बाजारात मोसंबीच्या ढिगामागे बसलेलं पोरगं बघा. पावशेर कमी भरल्याचं त्याला काट्याकडे न बघता कळतं. सोमवारी तेच पोरगं वर्गात ‘कच्चं’ म्हणून मागच्या बाकावर असतं. कच्चं कोण, पोरगं की वर्ग?

उरला तो हळू आवाजातला मुद्दा, उलटून बोलण्याचा. हा मुद्दा संस्कृतीच्या नावाने मांडतात, म्हणून संस्कृतीकडेच जाऊ. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. दरवर्षी तिथे जाऊन नारळ फोडणाऱ्या किती संस्थाचालकांनी दासबोध उघडला आहे? तो ग्रंथ श्रोता आणि वक्ता यांच्या संवादातून पुढे सरकतो. श्रोता आशंका काढतो, पुन्हा काढतो, आणि वक्ता त्याला वर्गाबाहेर उभा करत नाही, उत्तर देतो. त्याच्याही साडेतीनशेहून अधिक वर्षं आधी म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ते गावोगाव हिंडून, चक्रधरांना प्रत्यक्ष भेटलेल्या माणसांकडून आठवणी गोळा करून. ऐकीव गोष्ट लिहायच्या आधी मुळाशी जाऊन विचारायचं, हे गोदाकाठाला सातशे वर्षांपूर्वी कळत होतं. प्रश्न विचारणं पाश्चात्त्य खूळ आहे म्हणणाऱ्यांनी कोणती परंपरा वाचली, ते तरी कळवावं.

आणि परंपरा नको असेल तर कायदा घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की मूल भीतीमुक्त असावं आणि त्याला आपली मतं मोकळेपणाने मांडायला मदत व्हावी. ‘गप्प बस’ ही तुमची शिस्त असेल, कायद्याची नाही.

शिक्षकांची बाजू मात्र खरी आहे, तेवढी मान्य करतो. ऑनलाइन माहित्या, मतदारयाद्या, पोषण आहाराचा हिशेब आणि रोजचे फोटो यांतून उरलेल्या वेळात गुरुजींनी विचार पेरावा, ही अपेक्षा करणाऱ्या खात्याला लाज वाटायला हवी. त्या खात्याची प्रशिक्षणंही बघण्यासारखी असतात. चिकित्सक विचारावर दिवसभर पडद्यावर स्लाइडी सरकतात, शंका शेवटी विचारा म्हणतात, आणि शेवटी चहा येतो. ज्यांना स्वतःला प्रश्न विचारू दिला जात नाही त्यांनी वर्गात प्रश्न फुलवावेत!

पण खातं सुधारेपर्यंत थांबायचं असेल तर आपली नातवंडंही ‘स्वमत’ पाठ करतील. म्हणून हे पालकांना सांगतो. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं कायदा सांगतो. तुम्ही तिथे सही करायला आणि चहा प्यायला जात असाल तर पुढच्या बैठकीत जरा थांबा. रंगरंगोटी आणि कंपाउंड वॉलचा विषय झाला की मुख्याध्यापकांना विचारा, या महिन्यात आमच्या लेकरांनी वर्गात काय काय प्रश्न विचारले? वहीत लिहिलेले असतील तर बघायला मागा. नसतील तर इतिवृत्तात तशी नोंद करायला लावा, आणि सही त्यानंतर करा.